पेत्राचे पाय आणि माझे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या पंधरवड्यात म्हातारपणावर एक लेख आला होता. लेखकाने पुष्कळ चांगले लिहिले आहे, पण मध्येच एक वाक्य सहज टाकून दिले आहे : माणसे उतारवयात देवाकडे वळतात ती मरणाच्या भीतीने. मी ७९ वर्षांची आहे, ख्रिस्ती आहे, आणि आयुष्याची ३७ वर्षे नर्सच्या नोकरीत घालवली आहेत. मरण मी इतक्या वेळा आणि इतक्या जवळून पाहिले आहे की त्याचे आता नवल उरले नाही. मला भीती वाटली ती आंघोळीची. तेवढेच सांगायला हे पत्र. हात थरथरतो, म्हणून लिहायला चार दिवस लागले. अक्षर सांभाळून घ्यावे.

मिरजेत मिशनच्या दवाखान्याची परंपरा जुनी. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे इस्पितळ उभे केले. सांगलीच्या वाटेवरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. आमच्या पिढीतल्या कितीतरी ख्रिस्ती मुली अशा मिशनच्या इस्पितळांतून शिकून बाहेर पडल्या. मी शिकायला गेले तेव्हा १९ वर्षांची होते. मला वाटले होते, आता इंजेक्शन द्यायला शिकवतील. त्यांनी आधी स्पंज शिकवला.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुसून काढायचे म्हणजे ओले फडके फिरवायचे नसते. आधी डोळे, साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय. पाणी गार झाले की बदलायचे, मळले की बदलायचे. कूस वळवून पाठ पुसायची, नीट कोरडी करायची, कुठे लाली दिसते का ते पाहायचे, कारण शय्याव्रण तिथूनच सुरू होतात. आणि सगळ्यांत मोठा नियम : जो भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंग चादरीखाली. चादर सरकली तर आमच्या ट्यूटरबाई सगळ्या वॉर्डासमोर बोलायच्या.

अशी किती माणसे मी पुसून काढली असतील, हिशेब नाही. त्यांतली बरीच मान भिंतीकडे वळवून पडून राहायची. मी म्हणायचे, "लाजू नका बाबा, मला लेकीसारखी समजा." फार सहज म्हणायचे मी ते.

दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, वॉकर आला, पण आंघोळ स्वतःची स्वतः करता येईना. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा पुण्याला. मग सकाळच्या वेळेपुरती एक बाई ठेवली. पहिल्या दिवशी तिने गाऊनच्या बटणाला हात घातला आणि मी मान भिंतीकडे वळवली. तिने माझी समजूत घातली ती जवळजवळ माझ्याच शब्दांत.

त्या दिवसांत मला प्रार्थना जमत नव्हती. चर्चच्या मंडळीतली माणसे भेटायला यायची, फळे आणायची, "प्रभू सगळे चांगले करील" म्हणायची. माणसे प्रेमाने येतात, त्यांना नावे ठेवू नयेत. पण हाड मोडून पडलेल्या बाईच्या कानाला हे वाक्य टोचते. सकाळी फोनवर येणारी फुलांची चित्रे आणि सुविचार त्याहून टोचतात. म्हाताऱ्याने सदा हसतमुख राहावे, हा नवाच कायदा झाला आहे.

मला आधार मिळाला तो आमच्या शास्त्रातल्या गाऱ्हाण्यांतून. रात्रपाळी केलेल्यांना पहाटेचे तीन म्हणजे काय ते माहीत असते. त्या वेळी झोप उडाली की मी मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र उघडायचे आणि स्तोत्रे वाचायचे. ७१व्या स्तोत्रात एक म्हातारा देवाला सरळ म्हणतो, माझी शक्ती चालली आहे, आता मला टाकू नकोस. ८८वे तर त्याच्याही पुढचे. बहुतेक दुःखाची स्तोत्रे शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी हे जसेच्या तसे ठेवले, त्याला गोड शेवट जोडला नाही, याचे मला फार बरे वाटले. देवापुढे कुरकुर करायला मुभा आहे आणि ती कुरकुरही शास्त्रात गणली जाते, हे मी लहानपणापासून वाचत आले होते. कळले ७७व्या वर्षी.

पवित्र शास्त्रातल्या 'उपदेशक' या पुस्तकाचा १२वा अध्याय वाचून तर मी एकटीच हसले. त्यात म्हातारपणाचे वर्णन एका पडक्या घरासारखे केले आहे. दळणाऱ्या बाया थोड्या उरल्या म्हणून काम थांबते, खिडक्यांतून पाहणाऱ्यांना अंधारी येते. दळणाऱ्या म्हणजे दात, खिडकीतल्या म्हणजे डोळे. माझ्याकडे दळणाऱ्या चारच उरल्या आहेत आणि एका खिडकीत मोतीबिंदू आहे. इतके नेमके लिहिणारा माणूस स्वतः म्हातारा असला पाहिजे.

आमच्याकडे म्हाताऱ्यांचे दाखले द्यायचे तर पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, हन्ना आठवते. लूकच्या शुभवर्तमानातली ही ८४ वर्षांची विधवा मंदिर सोडून कधी जात नसे, रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना करी. माझ्या मनात मात्र नर्सचा प्रश्न येतो : तिला पाणी कोण आणून देत होते? दुसरा दाखला पंडिता रमाबाईंचा. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. स्वतः रमाबाईंना ऐकू येणे फार कमी झाले होते, तरी केडगावात बसून त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम संपवत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. लक्ष्मीबाई टिळकांनीही पतीमागे त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे अपुरे काव्य 'ख्रिस्तायन' पुरे केले. या बायांपुढे मी हात जोडते. पण त्यांच्या हाती काम होते. ज्याचे काम संपले आहे आणि ज्याच्यावरच आता दुसऱ्याला काम करावे लागते, त्याने काय करायचे?

याचे उत्तर मला येशूच्या शिष्याने, पेत्राने दिले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात मेलेल्यांतून उठलेला प्रभू येशू त्याला सांगतो : तरुण होतास तेव्हा आपली कंबर आपण बांधून हवे तिकडे जात होतास, म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील, दुसरा कुणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी आहे, असे योहानानेच पुढे लिहिले आहे, आणि ते मला मान्य आहे. पण हात पुढे करायचे आणि दुसऱ्याने कपडे चढवायचे, हे मी रोज सकाळी साडेआठला करते. गाऊनच्या बाहीत हात घालताना मला ती ओळ आठवली आणि अंगावर काटा आला. माझी लाज प्रभूला माहीत होती!

मग मागची पाने चाळली. हाच पेत्र शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूला म्हणाला होता, तू माझे पाय कधीही धुवायचे नाहीस. प्रभू म्हणाला, मी तुला धुतले नाही तर तुझा माझ्याशी वाटा नाही. इतकी वर्षे हा भाग मी धुणाऱ्याच्या बाजूने वाचत होते. आम्हा नर्सेसना तो तसाच शिकवला जायचा : प्रभूने पाय धुतले, तुम्हीही धुवा. मीही त्या कामाचा थोडा अभिमान बाळगला असेल. धुऊन घेणाऱ्यालाही काही करावे लागते, ते धुण्याहून अवघड असते, आणि पेत्रासारख्या पेत्रालाही ते जमत नव्हते, हे कधी ध्यानातच आले नव्हते.

माझ्याकडे येणारी बाई माळकरी आहे. दरवर्षी घरातले कुणी ना कुणी वारीला जाते. मी नारायण वामन टिळकांचे एखादे भजन गुणगुणू लागले की शब्द ठाऊक नसताना तिचा सूर बरोबर लागतो, कारण चाल अभंगाची. तिला पूर्वी कुणी स्पंज शिकवला नव्हता, मी शिकवला. आता डोळे आधी, साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे. चादर सरकली तर मीच ट्यूटरबाई होते.

संपादक महोदय, दुखणे कमी झालेले नाही. काही सकाळी अजूनही मान भिंतीकडे वळते. महिन्यातून एकदा पाळक घरी प्रभुभोजन घेऊन येतात, दहा मिनिटे नुसते बसतात, फार बोलत नाहीत. त्यांचे मला कौतुक वाटते. पण लेखकाने म्हटलेली भीती मला शोधूनही सापडली नाही, एवढे नक्की.

परवा पाय धुताना मी त्या बाईला पेत्राची गोष्ट सांगितली. तिने विचारले, "मग धुवून घेतलं का त्यानं?" म्हटले, घेतले तर! उलट म्हणाला, नुसते पाय नको, हात आणि डोकेही धू. ती बादलीकडे बघत म्हणाली, "म्हंजे आज केस पण धुवायचं म्हणा की, आजी!"

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज
(नाव छापू नये, ही विनंती.)