ओवीची दखल हवी होती

आयुष्याचे टप्पे कविता आणि संगीतातून उलगडणारा रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र पाळणा, मंगलाष्टके आणि निर्गुणी भजने यांवर भरभरून लिहिताना जात्यावरच्या ओवीचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले. डोहाळे, बाळंतपण, लेकीची पाठवणी, सासुरवास, वैधव्य, म्हातारपण हे सगळे ओवीत येते, आणि तेही ते जगणाऱ्या बाईच्याच तोंडून. मंगलाष्टके नवरीसाठी दुसरेच म्हणतात. ओवी तिची स्वतःची असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढा ठेवा हाताशी असताना तो वगळणे पटत नाही.

माझी आजी पहाटे जात्याच्या खुंट्याला हात लावताच पहिली ओवी देवाची म्हणे. जात्यात घास घालायला हात थांबला की ओवीही तिथेच थांबे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि हे गाणे घरातून गेले. ज्यांना ओव्या अजून पाठ आहेत, त्या बायका आता सत्तरीपुढच्या आहेत. त्यांच्या ओव्यांवर पुरवणीने स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, कराड