एलिट धावपटूंपुरती शर्यत हा पक्षपात नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत झालेल्या अर्धमॅरेथॉनवरून (सुमारे २१ किलोमीटरची शर्यत) ‘करोनाच्या दिवसांत शर्यती हव्यात कशाला’ असा सूर अनेकांनी लावला. याच महिन्यात दिल्लीत एका दिवसात आठ हजारांहून अधिक रुग्ण आढळले होते, त्यामुळे ही काळजी रास्तच आहे. तरीही रस्त्यावरची शर्यत एलिट, म्हणजे अव्वल व्यावसायिक धावपटूंपुरती ठेवून हौशी धावपटूंना आपापल्या भागात धावू देण्याचा निर्णय मला पक्षपाती नव्हे, योग्य वाटतो. याच शर्यतीत बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळे याने १ तास ३० सेकंदांची वेळ नोंदवली आणि ६१ मिनिटांच्या आत अर्धमॅरेथॉन पूर्ण करणारा तो पहिला भारतीय ठरला. शर्यतच झाली नसती, तर महिनोन्महिने एकट्याने केलेला सराव कशावर जोखायचा होता?

हौशी धावपटूला एक वर्ष थांबता येते. व्यावसायिक धावपटूची उमेदीची वर्षे मोजकी असतात, केनिया-इथिओपियातील अनेकांचे घर बक्षिसाच्या रकमेवर चालते आणि २०२१पर्यंत पुढे ढकललेल्या ऑलिम्पिकची पात्रताही शर्यतीतच मिळवावी लागणार होती.

मात्र अशी शर्यत कशी घ्यावी, हे लंडनकडून शिकावे. तेथे ४ ऑक्टोबरला नेहमीचा मार्ग सोडून सेंट जेम्स पार्कभोवती दोन किलोमीटरहून थोड्या मोठ्या बंदिस्त वर्तुळात एकोणीसहून अधिक फेऱ्यांची मॅरेथॉन झाली. प्रेक्षकांना मज्जाव होता, खेळाडूंच्या चाचण्या झाल्या होत्या, त्यांचा मुक्काम एकाच हॉटेलात होता आणि कोण कोणाच्या किती जवळ आले याची नोंद ठेवणारे यंत्र प्रत्येकाच्या अंगावर होते. ब्रिटिश धावपटूंना ऑलिम्पिक पात्रतेची वेळ गाठता यावी म्हणून खुद्द ऑलिम्पिक विजेता ब्रिटिश धावपटू मो फराह त्यांच्यासाठी वेग राखत धावला. पावसात आणि थंडीत मॅरेथॉनचा तेव्हाचा विश्वविक्रमवीर, केनियाचा एलियुड किपचोगे आठवा आला, तर इथिओपियाच्या शुरा किटाटाने अवघ्या एका सेकंदाने बाजी मारली. इतक्या निर्बंधांतही शर्यतीचा कस तसूभरही उतरला नव्हता.

टोकियो मॅरेथॉनचा दाखला मात्र कोणी गिरवू नये. मार्चमध्ये तेथेही केवळ एलिट धावपटू धावले, पण सुमारे ३८ हजार सामान्य स्पर्धकांना शुल्क परत मिळाले नाही. पुढच्या वर्षीचा प्रवेश देऊ केला, तोही पुन्हा पैसे भरण्याच्या अटीवर. हौशी धावपटूंच्या शुल्कावरच या शर्यती मोठ्या झाल्या आहेत, तेव्हा संकटाचा भार त्यांच्यावर लोटणे मला अन्यायाचे वाटते.

महाराष्ट्रात अशी शर्यत घ्यायची झाल्यास ती शहरभर न फिरवता बंदिस्त मार्गावर घ्यावी, देशातील धावपटूंना त्यात पुरेशा जागा राखाव्यात, आणि ज्यांना धावता येणार नाही त्यांचे शुल्क शर्यतीआधीच परत करावे, अशी आयोजकांना व राज्य सरकारला विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे