दादा, गाडीचा आवाज ऐकून सांग

पर्थ, रविवार

दादा,

परवा फोनवर काय धड बोलता आलं नाही, तुझ्या गॅरेजात मागे कोणीतरी बुलेट रेस करत होता, म्हणून लिहूनच पाठवतोय. दोडामार्गला गेलास की आईला वाचून दाखव, पण टोकनबिकनचं काही वाचू नको, ती लगेच किंमत विचारेल.

तर गाडी घ्यायचं पक्कं झालंय. जुलैत मुलांना सुट्टी असते, तेव्हा इथल्या पार उत्तरेला किंबर्लीत फिरायला जायचंय, तिथे तेव्हा कोरडा सीझन, तिकडचा पावसाळा आपल्या उलट, नोव्हेंबर ते एप्रिल. पर्थहून तिकडचं ब्रूम गावच 2200 किमीच्या वर, आणि त्याच्यापुढे गिब रिव्हर रोड, 660 किमी, बराचसा कच्चा. कच्चा म्हणजे काय ते तुला सांगायला नको, आपल्याकडे खाणीच्या रस्त्याला टिपर जाऊन जाऊन सिमेंटच्या पत्र्यासारख्या वळकट्या पडायच्या ना, तस्सं, आणि धूळही तीच लाल. गंमत बघ, 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या म्हणून मी बाहेर पडलो आणि इथे येऊन परत लोहखनिजच खणतोय.

डबल कॅब, म्हणजे मागे हौदावाली पिकअप, घे म्हणतात सगळे, पण दोन मुलं, सामान, पाणी आणि पुढच्या वर्षी आईबाबा येणार, म्हणून मला मागेपर्यंत बंद असलेली वॅगनच हवी. डिझेल पण नक्की. शेवटी दोन उरल्या, पजेरो 3.2 आणि जुनी प्राडो, 120 सीरिजची, 3 लिटरवाली. पजेरो चालवायला खरंच मस्त, डांबरी रस्त्यावर नुसत्या मागच्या चाकांवर पळवता येते, लागलं की फोर व्हील. प्राडो कायमच फोर व्हील, रस्त्यावर जरा होडीसारखी डुलते. पण पजेरोला वेगळी चेसिस नाही, बॉडीतच सगळं, आणि टाकी 88 लिटरची. प्राडोला खाली चेसिस आहे आणि दोन टाक्या मिळून 180 लिटर! भरलेल्या गाडीने 100 किमीला 14 लिटर खाल्लं तरी बाराशेच्या वर जाते, आणि त्या रस्त्याला पंप इतके लांब लांब आहेत आणि डिझेल इतकं महाग की मला तेच पटलं. अर्थात टाकी फुल केली की दीडशे किलो नुसतं डिझेलच, मग वर कॅरियर, पुढे कांगारूसाठी लोखंडी बार, चार माणसं, गाडीची वजनाची लिमिट कधी ओलांडली कळत पण नाही. इथे लोक हौसेने काय काय बसवतात आणि मग स्प्रिंगा बसतात. मी बार सोडून काही बसवणार नाही. नवीन गाडी का नाही विचारशील, तर पैसे हे एक, आणि नव्या डिझेलना धुराचा फिल्टर असतो, तो अडला तर जंगलात कोण साफ करणार.

पहिली एक बघायला गेलो होतो, कुठल्या कंपनीची ते जाऊदे. वरून पॉलिश अशी की तोंड दिसेल, विकणारा गोड गोड बोलत होता. तुझी सवय आठवली, चहा प्यायच्या आधी गाडीखाली. झोपलो आणि स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर चेसिसचे पापुद्रेच निघाले. मग म्हणतो, बोट ओढायचो, कधीकधी पाण्यात उतरवायला लागायची. अरे, मोरजीच्या रेतीत रुतवून तुझ्याकडे आणतात त्या भाड्याच्या जीपा बघून मोठा झालोय मी, खाऱ्या पाण्याचं मला काय शिकवतोस! अर्थात असं त्याला काही बोललो नाही, थँक्यू म्हणून आलो.

आता दुसरी, 2008 ची प्राडो. खालून कोरडी, सर्व्हिसचं पुस्तक पूर्ण. फक्त एक शंका, या इंजिनात इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर लीक होतात, मग काजळी ऑइलमध्ये उतरते आणि खाली ऑइल ओढायची जाळी चोंदते, असं इथला मेकॅनिक म्हणाला. म्हणून मालकाला सांगून ठेवलं, मी यायच्या आधी गाडी सुरू करू नको, आणि सकाळी एकदम थंड इंजिन चालू करून व्हिडिओ काढलाय. मला पहिल्या अर्ध्या मिनिटात टकटक जास्त वाटते, मिसेस म्हणते सगळ्या डिझेल गाड्या अशाच वाजतात.

तू ऐक. गॅरेजात नको, रात्री घरी, इअरफोन लावून. दोन व्हिडिओ आहेत, दुसऱ्यात मुलं ओरडतायत, पहिलाच ऐक. शनिवारी टोकन द्यायचंय, त्याच्या आधी सांग.

बाबांच्या गुडघ्यासाठी पायरी बसवून घेईन, गाडी उंच आहे.

तुझा,
बाबू