भिंत आधी की स्लॅब?

प्रिय वैशे,

इतके दिवस तुला काही लिहिलं नाही, रागावली असशील तर नंतर भांड. माझी पाठ बरी आहे, आईचा गुडघा तसाच.

उद्या साइटवर बैठक आहे आणि मला झोप येत नाही. घरात सांगितलं तर ‘एवढं काय त्यात’ म्हणतील, म्हणून तुला लिहितेय.

प्लॅनिंग शिकायला मला मोठ्या सरांच्या हाताखाली दिलंय. त्यांनी आधी लॅपटॉप बंद करायला लावला. ऑफिसच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवला, सेंटरिंगवाला, सळई बांधणारा फिटर, वॉटरप्रूफिंगवाला सगळ्यांना बोलावलं आणि शेवटच्या तारखेपासून उलटं यायला सांगितलं. तळघराच्या भिंतीमागे मातीचा भराव कधी? त्याआधी वॉटरप्रूफिंग, त्याआधी क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, त्याआधी काँक्रीट. ज्याचं काम त्यानेच चिठ्ठी लावायची. “हो मॅडम, होऊन जाईल” चालणार नाही, कशापायी अडेल तेही लिहायचं. फिटर मुकादमाने लिहिलं, ‘सळई आली तर’. ती चिठ्ठी वाचून खरेदीवाल्यांना त्याच दिवशी फोन गेला.

डिप्लोमाला आपण ‘1957, ड्यूपाँट, क्रिटिकल पाथ मेथड’ घोकलं होतं ना, कामांची सगळ्यात लांब साखळी शोधायची ती पद्धत? आकृती तुझीच सुंदर यायची. पण फ्लोट, म्हणजे काम लांबलं तरी चालतील असे मोकळे दिवस, ही सुट्टीच समजून तू जर्नल शेवटच्या रात्री माझ्याकडून पुरं करून घेतलंस, ते मी अजून विसरलेले नाही!

तर ऐक. तळघराची मागची रिटेनिंग वॉल, माती अडवणारी भिंत, राहिलीय, कारण डंपरचा रॅम्प तिथूनच होता. वर टॉवरचे स्लॅब चढताहेत. चिठ्ठ्या जोडल्या तर सगळ्यात लांब साखळी या भिंतीतून जाते. तिला एका दिवसाचाही फ्लोट नाही, स्लॅबला आहे. मृगाआधी भराव झाला नाही तर काळी माती पाणी पिऊन खड्ड्यात उतरेल. आणि वैशे, वरच्या काठाला चाळीचं अंगण आहे, तिथे पोरं खेळतात. सेंटरिंगची टोळी स्लॅबवरून काढून भिंतीला लावा, असं मी म्हणणार आहे. पण स्लॅब पडला की गिऱ्हाइकांचा हप्ता येतो, या भिंतीचा कोण देणार? मालक म्हणतील, मग भिंतीचं क्युरिंग पाच दिवसांत उरका. कोरड्या उन्हाळ्यात आयएस 456, आपलं काँक्रीटचं भारतीय मानक, किमान 10 दिवस सांगतं. तिथे मी हटणार नाही.

सर म्हणाले, “तारीख तू काढलीस, तूच बोल.” ते स्वतः बोलले असते तर मालकांनी ऐकलं असतं, असं सारखं वाटतंय. माझं ऐकलं नाही तर? तू तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांशी वाद घालून मार्क वाढवून घेतलेस, तेव्हा सुरुवात कशी केली होतीस गं?

तुझ्या घराचं कर्ज झालं का? चिनू शाळेत रमला? सासूबाईंना नमस्कार.

बैठक नऊला आहे. सातला फोन करते, उचल.

तुझी,
मंजू