जुन्या हार्ड डिस्कवरच्या कागदी पट्टीसाठी

नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दादांना सप्रेम नमस्कार.

दादा, कॉम्प्युटर घरी येऊन आठवडा झाला. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत आधी ४ मिनिटं जायची, आता २० ते २५ सेकंद लागतात. त्याबद्दल आभार आहेतच. पण सगळ्यांसमोर लिहावंसं वाटलं ते तुम्ही जुन्या हार्ड डिस्कवर चिकटवलेल्या कागदी पट्टीमुळे.

तुमच्याकडे येण्याआधी हे मशीन तीन दुकानं फिरलं होतं. दोन ठिकाणी एकच औषध मिळालं, फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा घालणं. फॉरमॅट केल्यावर आठ-दहा दिवस बरं वाटतं, कारण कोरं विंडोज हलकं असतं. मग अपडेट येतात, ब्राउझर फुगतो आणि पहिले पाढे पंचावन्न. शिवाय डिस्कचा ‘सी’ भाग पुसायचा आणि ‘डी’ ठेवायचा, एवढीच काय ती काळजी. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं सगळं मुळात ‘सी’मध्येच असतं, हे त्यांना ठाऊक नसेल असं कसं म्हणावं? पुसण्याआधी कोणी विचारलं नाही. बारशाचे फोटो तिथेच गेले. एकाने वर दोन अँटिव्हायरस घालून दिले. उघडलेली प्रत्येक फाइल दोघंही तपासणार म्हटल्यावर मशीन आणखीच रांगायला लागलं. तिसऱ्याने झाकणही न उघडता सांगितलं, ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.’

तुम्ही कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून, मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडलात आणि स्क्रीन आमच्याकडे वळवलीत. प्रोसेसर ८ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क १०० टक्के! दुखणं कुठे आहे ते तिथेच दिसलं. मग डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलंत, त्यात पिवळी खूण आली. डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे छोटे कप्पे, वाचता येईनासे झाले होते. असा सेक्टर आला की डिस्क तो पुन्हापुन्हा वाचायला बघते आणि तोवर बाकी सगळं ताटकळतं. झटपट फॉरमॅटमध्ये हे सेक्टर तपासलेच जात नाहीत, मग फरक पडणार तरी कसा?

आणि तेव्हा, स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी, तुम्ही विचारलंत : ‘यातलं काय गेलं तर चालणार नाही?’

दादा, एवढा एकच प्रश्न आधी कोणी विचारला असता तर! आम्ही उरलेले फोटो आणि जॅकार्डच्या नक्ष्यांच्या फाइली सांगितल्या. तुम्ही आधी त्या काढून घेतल्यात, कारण आजारी डिस्क जितकी फिरवावी तितकी खचत जाते. अख्ख्या डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर उतरवणं सोपं होतं, पण खराब सेक्टरवर ती अडकते आणि जुना कचराही सोबत येतो, म्हणून विंडोज कोरं घातलंत. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असल्यामुळे ते आपोआप चालू झालं, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

बाकीचं काम जाणणाऱ्याला एका दमात कळेल. २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीविना चालणारी वेगवान डिस्क, तीच केबल, तोच पॉवरचा पिन. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कशी बोलण्याची जुनी आयडीई पद्धत होती, ती विंडोज टाकण्याआधीच नवी एएचसीआय केलीत. नंतर बदललं असतं तर विंडोज बहुधा उठलंच नसतं. ४ जीबी रॅमला जोडीला तशीच ४ जीबी डीडीआर३, म्हणजे दोन्ही पट्ट्या मिळून ड्युअल चॅनलवर (एकाच वेळी दोन वाटांनी) चालतात आणि ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले तरी डिस्कवर ओझं पडत नाही. बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल बदललात, आता तारीख मागे जात नाही आणि वेबसाइट सर्टिफिकेटवरून अडत नाहीत.

पंख्याखाली जे निघालं ते मात्र विसरता येत नाही. आमच्या साखर पेठेत मागच्या गल्लीत माग चालतात. सुताचे तंतू आणि धूळ मिळून, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकवर गोधडीच्या अस्तरासारखा थर बसला होता. तुम्ही तो चिमटीने अख्खा उचललात. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवलंत, कारण पंखा वाऱ्याने उलटा गरगरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावलीत आणि कूलरच्या चारही खुंट्या तिरप्या जोडीने, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबल्यात. एक खुंटी आधी सैलच होती. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो, तेव्हा असा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करून घेतो आणि माणूस मात्र व्हायरसला दोष देत बसतो.

हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आहे, विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, हे तुम्ही लपवलं नाहीत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा नाहीतर पुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट घालून देतो, असंही म्हणालात. नवीन मशीन गळ्यात मारायला याहून सोपी संधी कुठली? तुम्ही ती घेतली नाहीत. गिऱ्हाइकाला यातलं कळत नाही हे ओळखून त्याला फसवणारे पुष्कळ भेटतात. तेच ओळखून त्याला चार गोष्टी समजावून सांगणारा माणूस आमच्या घराने खूप वर्षांनी पाहिला.

निघताना तुम्ही जुनी डिस्क फोमच्या पिशवीत गुंडाळून हातात दिलीत. ती ठेवून घेतली असती तरी आम्ही विचारलं नसतं. तिच्यावर पांढरी पट्टी, निळ्या बॉलपेनने लिहिलेली : ‘फाइली काढल्या. उघडून बघा. महिनाभर पुसू नका. नवीन काही ठेवू नका.’ खाली तारीख. अक्षर सावकाश, सुटं सुटं, घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही वाचता यावं असं. आजींनी चष्मा लावून ती पट्टी दोनदा वाचली आणि डिस्क देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली. सांगितल्याप्रमाणे एकेक फोल्डर उघडून पाहिलं, दादा. सगळं आहे.

सिद्धेश्वर महाराज तुम्हाला उदंड आयुष्य देवोत.

सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली आहे. चटणी कालच कुटलेली आहे, डबा सावकाश परत करा.

तुमचे,
साखर पेठेतलं एक घर