टाकी उपसण्याआधी

वाशी, नवी मुंबई
१२ मे

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

नेरूळच्या रो-हाऊसचा ताबा मिळाल्याचे वाचून फार आनंद झाला. मात्र अंगणातली जमिनीखालची टाकी अपुरी पडेल म्हणून शेजारी दहा हजार लिटरची दुसरी बांधण्याचा तुझा बेत वाचला आणि राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तू कळवलेल्या मापांनी, म्हणजे लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर आणि पाण्याची खोली दीड मीटर धरून, टाकीत ४,५०० लिटर पाणी मावते. माणशी रोज १३५ लिटर या नेहमीच्या हिशेबाने तुम्हा पाच जणांना दिवसाला ६७५ लिटर लागतात. म्हणजे नळाला थेंब आला नाही तरी सहा दिवस निघतील. मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन आपल्याकडे येते खरे, पण साठवणीत ते जितके पडून राहील तितका त्यातला क्लोरीन कमी होत जातो. त्यामुळे पाणी लवकर पालटणारी लहान टाकीच मला अधिक भरवशाची वाटते.

खरी काळजी आहे ती भिंतींची. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये धाकटीला कावीळ झाली, तेव्हा मी भर पावसात आमची टाकी उपसली. पाहतो तो गटाराकडच्या कोपऱ्यात, तळापासून हातभर उंचीवर, गिलाव्याला बारीक फट गेलेली आणि तिच्यातून मातकट पाणी संथपणे आत झिरपत होते. कावीळ त्यामुळेच झाली असे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नाही, परंतु तेच पाणी आम्ही मुलांना पाजत होतो या विचाराने कित्येक रात्री मला झोप लागली नाही. टाकी भरलेली असते तेव्हा अशा फटीतून पाणी बाहेर जाते. पाणी उतरले आणि बाहेरची जमीन तुडुंब ओली असली, की त्याच वाटेने बाहेरचे आत येते. आपल्याकडची बरीचशी जमीन खाडीकाठच्या भरावाची, त्यामुळे पावसाळ्यात हाताच्या अंतरावर पाणी लागते. त्या वेळी टाकी रिकामी ठेवणेही धोक्याचे असते, कारण खालून पाण्याचा दाब येऊन तळाला तडे जातात, आणि हलकी टाकी तर वर उचललीही जाते. हे मला त्या दिवशी आमच्या गवंड्याने सांगितले आणि टाकी लगेच अर्धी भरायला लावली.

म्हणून नव्या बांधकामाआधी एवढे कर. रात्री टाकी भरून बॉल कॉक, म्हणजे नळाचे पाणी अडवणारा तरंगता गोळा, वर बांधून ठेव, पंप बंद कर, आत काठी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण कर आणि झाकण लाव. सकाळी पातळी एक सेंटिमीटर उतरलेली दिसली, तर तीस लिटर पाणी जमिनीत गेले असे समज.

मग याच महिन्यात टाकी उपसून घे. माणूस आत उतरण्यापूर्वी पंपाचा वीजपुरवठा तोडायचा, झाकण बराच वेळ उघडे ठेवायचे आणि कोणालाही एकट्याने उतरू द्यायचे नाही. डाग काढायला ॲसिड आणले, तर ते टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या ब्लीचिंग पावडरीजवळही येऊ देऊ नकोस. दोन्हींच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. भिंती ब्रशने नीट घासून घे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भिंतीवरही महिनोन्महिने टिकतात. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, आणि झाकणाची कड अंगणाच्या फरशीहून वीतभर उंच असावी.

टाकी पुन्हा भरल्यावर हजार लिटरला अडीच ग्रॅम या मानाने तुला साधारण अकरा ग्रॅम टीसीएल लागेल. ती बादलीत कालवून, तिच्यातला चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ तेवढे टाकीत ओत आणि तासभर पाणी वापरू नकोस.

मृग लागायला चार आठवडेही उरलेले नाहीत. काठीवरची खूण किती उतरली ते मला कळव. फट निघाली तर आमच्याच गवंड्याला घेऊन रविवारी येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक