ताई, ती वाळवी नव्हती

प्रिय ताई,

समोर बसले की मला नीट बोलता येत नाही, डोळे भरून येतात. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात जवळपास ५२ कोटी ८० लाख लोकांना हा झिजेचा संधिवात, ऑस्टिओआर्थ्रायटिस, होता. त्यातले कितीतरी जण माझ्यासारखेच एकच प्रश्न उशाशी घेऊन झोपत असतील: हा आजार एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात पसरत जातो का?

तुमच्याकडे फिजिओथेरपीसाठी पहिल्यांदा आले तेव्हा उजवा गुडघा दुखायला लागून चार वर्षं झाली होती. गुडघ्याशी मी जमवून घेतलं होतं. पण मग डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. उजव्या तर्जनीच्या टोकाच्या पेराला टणक गाठ आली. आणि त्यानंतर डावा खुबा. दर रविवारी मी त्या बोटाचा फोटो काढायचे आणि आधीच्या फोटोशी ताडून बघायचे. दाराच्या चौकटीला वाळवी लागली की ती आत कुठवर गेली आहे ते कळत नाही, तसं मला माझ्या शरीराबद्दल वाटायचं. त्याआधी एका ठिकाणी एक्स-रे बघून "आता एकेक सांधा जाणारच" एवढंच सांगून मला परत पाठवलं होतं. त्या दिवसापासून मी चालणं सोडलं. उरलेले सांधे तरी वाचवावेत म्हणून.

तुम्ही एक्स-रे बाजूला ठेवलात आणि माझ्या चपला मागितल्यात. उलट्या करून टेबलावर ठेवल्यात, टाचेवरून बोट फिरवलंत. दुखणं उजव्या गुडघ्याचं, पण झिजली होती डाव्या चपलेची टाच, बाहेरच्या कडेला. मग मला आडवं करून तुम्ही डावा पाय गुडघ्यात दुमडून आत-बाहेर फिरवून पाहिलात. तो छान फिरला. "सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. तुम्हाला बाहेरच्या बाजूला दुखतंय, ते स्नायूंचं आहे," तुम्ही म्हणालात. चार वर्षं लंगडत सगळा भार मी त्या पायावर टाकत होते. माझ्या हिशेबात कायमचा गेलेला एक सांधा तुम्ही पाच मिनिटांत मला परत दिलात.

मग मी तो वाळवीचा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तुम्ही ज्या पद्धतीने दिलंत, त्यासाठीच खरं तर हे पत्र.

"काही होत नाही हो" असं म्हणून तुम्ही मला गप्प करू शकला असता. तसं केलं नाहीत. हा आजार एका सांध्यातून दुसऱ्यात जात नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. यात जंतू नाहीत, रक्तातून काही वाहत जात नाही, गुडघ्याने अंगठ्याला काही दिलेलं नाही. पण ज्याला एका सांध्यात झीज आहे त्याला दुसऱ्या सांध्यात ती होण्याची शक्यता जास्त असते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलंत. कारण मुळं एकच असतात: वय, आनुवंशिकता, वजन, जुनी इजा. वजनाचा प्रश्न नुसत्या भाराचाही नाही. चरबीतून सूज वाढवणारी द्रव्यं तयार होतात, म्हणून ज्यांच्यावर भारच पडत नाही त्या बोटांनाही त्रास होऊ शकतो. आणि बोटाची गाठ? अठराव्या शतकातल्या हेबर्डन नावाच्या डॉक्टरांचं नाव तिला आहे, आणि ती बऱ्याचदा घराण्यातून, विशेषतः बायकांकडे येते. तेव्हा मला माझ्या आईची बोटं आठवली. मी माझ्या हाताकडे पुन्हा पाहिलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या गाठीची भीती वाटली नाही.

सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात, हेही तुम्ही विचारलंत. दहा-पंधरा मिनिटं. ते तासभर चाललं, किंवा दोन्ही मनगटं आणि बोटांच्या मुळाचे सांधे सुजले, तर तो आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा वेगळा आजार, असू शकतो आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं, असं बजावलंत. कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, हा फरक तोवर मला कुणी सांगितलाच नव्हता.

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्यासाठी हालचाल लागते, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. वाचवायच्या नावाखाली मी तिला उपाशी ठेवत होते. त्याच दिवशी तुम्ही गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला लावलीत, मांडीवर हात ठेवून पाच आकडे मोजलेत. तिसऱ्या वेळेला तुमच्या हाताखाली स्नायू घट्ट झालेला मला स्वतःला जाणवला. व्यायामानंतरचा ठणका दुसऱ्या दिवसापर्यंत उतरला तर चालेल, नाही उतरला तर व्यायाम कमी करायचा, एवढा साधा नियम दिलात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, झाकण अंगठ्याच्या चिमटीने नाही तर तळव्याने फिरवायचं, पेन जाड घ्यायचं. शरीराचं वजन एक किलोने उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे ऐकल्यापासून मला वजनाच्या काट्याचा राग येत नाही. वर्षभरात पाच किलो उतरले आहेत.

गुडघा बरा झालेला नाही. जिना उतरताना अजून कठडा लागतो, आणि झिजलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही हे तुम्ही कधी लपवलं नाहीत. पण आता मी रोज अर्धा तास चालते आणि फोटो काढणं बंद केलं आहे.

वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या. तरी तुम्हाला ताईच म्हणावंसं वाटतं.

गेल्या आठवड्यापासून डाव्या पायाच्या अंगठ्याचा बुडाचा सांधा जरा दुखतो आहे. तोही या आजाराच्या नेहमीच्या जागांपैकी एक, हे तुम्हीच शिकवलंत. शुक्रवारी येते तेव्हा दाखवते. येताना चपला घेऊन येते.

तुमची,
शुक्रवारची साडेपाचची पेशंट